सहावीत नव्या शाळेत जाताना: मुलाची अडचण आधीच सांगावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाला डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) आहे, लक्षही फार वेळ टिकत नाही. पाचवीपर्यंत एकाच बाई बहुतेक विषय शिकवायच्या, त्यांनी त्याला छान सांभाळून घेतलं. आता सहावीला मोठी शाळा आणि प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक. नव्या शाळेला सगळं आधीच सांगावं, की त्याला कोऱ्या पाटीने सुरुवात करू द्यावी? शाळेने वेगळ्या खोलीत शिकवायचं म्हटलं तर हो म्हणावं का? आणि वर्गातल्या मुलांना कळू द्यावं का?

मी या वयाच्या मुलांबरोबर बरीच वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आढेवेढे न घेता देते: सांगा. आणि शाळा सुरू व्हायच्या आत सांगा.

कोऱ्या पाटीचा मोह मला कळतो. लेबल चिकटू नये, शिक्षकांनी आधीच मत बनवू नये, असं कुठल्याही आईला वाटणारच. पण पाटी कोरी राहत नाही हो. तुम्ही काही लिहिलं नाहीत तर पहिल्या पंधरवड्यात शिक्षक आपापल्या परीने लिहून मोकळे होतात: ‘आळशी आहे’, ‘मुद्दाम करतो’, आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘हुशार आहे, पण मनावर घेत नाही’. हे शेवटचं वाक्य कौतुकासारखं ऐकू येतं, म्हणून कुणी खोडत नाही. मूल मात्र ते खरं मानून बसतं.

आता नेमकं काय बदलतं ते बघा. पाचवीच्या बाईंना तुमच्या मुलाबद्दल जे ठाऊक आहे, त्यातलं फार थोडं कागदावर असतं. तो प्रश्न चुकीचा वाचतो पण वाचून दाखवला की उत्तर बरोबर देतो. पाय हलवायला लागला की त्याला दोन मिनिटं कुठल्या तरी कामाला पाठवावं लागतं. सगळ्यांसमोर ओरडलं की तो दिवसभर गप्प होतो. हे सगळं बाईंच्या डोक्यात. फाइलमध्ये काय जातं? चाचण्यांचे आकडे. सहावीतल्या प्रत्येक शिक्षकाला तो दिवसातून एकच तास दिसतो, आणि त्याच दिवशी त्यांच्यासमोरून शंभरेक मुलं जातात. गणिताच्या सरांना इतिहासाची वही दिसत नाही. एकाच दिवशी दोन चाचण्या आणि तीन विषयांचा गृहपाठ आला, हे त्या मुलाखेरीज कुणालाच माहीत नसतं.

त्यात वयही अडनिडं. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-९०च्या दशकांत हा मुद्दा चांगला मांडला. या वयात मुलांना थोडी मोकळीक हवी असते, घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाचा आधार हवा असतो, आणि चारचौघांत तुलना झालेली अजिबात सोसत नाही. नेमक्या त्याच वेळी शाळा शिस्त आवळते, शिक्षक दुरावतात आणि गुणांवरून तुलना वाढते. त्याआधी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रोबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ यांनी केलेल्या अभ्यासात, सातवीला नव्या शाळेत गेलेल्या मुलींचा आत्मविश्वास आठवीपर्यंत त्याच शाळेत राहिलेल्या मुलींपेक्षा घसरलेला दिसला. म्हणजे कुठलीही खास अडचण नसलेली मुलंही या वळणावर डगमगतात. तुमचा मुलगा सहावीत गडबडला, तर सगळं डिस्लेक्सियाच्या खात्यावर टाकू नका.

यावर उपाय म्हणून मी दोनच गोष्टींचा आग्रह धरते: एक पान आणि एक माणूस.

पान म्हणजे खरोखर एकच पान, कारण आठ पानी अहवाल कुठलाही विषयशिक्षक वाचत नाही. (मी स्वतः असे अहवाल लिहिते, म्हणून सांगते.) त्यावर बुद्ध्यांक नको, जन्मापासूनचा इतिहास नको. ‘एकाग्रतेत कमतरता’ असलं तर मुळीच नको, त्यातून शिक्षकाने उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. वाक्यं अशी हवीत: ‘फळ्यावरून उतरवून घेताना ओळी सुटतात, छापील टिपण द्या.’ ‘मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नका, आदल्या दिवशी परिच्छेद सांगितलात तर तो वाचेल.’ ‘तीन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच लक्षात राहते.’ ‘यंत्रं उघडून जोडणं आवडतं, त्यावर बोलतं केलंत की खुलतो.’ शेवटचं वाक्य गाळू नका. पान मुलाला बरोबर घेऊन लिहा. निदान दोन ओळी त्याच्या स्वतःच्या शब्दांत असू द्या. मग ते प्रत्येक शिक्षकाकडे पोचवा, खेळाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांकडेही. खेळाच्या सरांना सगळेच विसरतात, आणि कपडे बदलायच्या खोलीत, संघ निवडताना, म्हणजे जिथे पुस्तकाचा संबंधच नाही तिथे, निम्मी भांडणं सुरू होतात.

माणूस म्हणजे शाळेतली एक ठरलेली मोठी व्यक्ती. समुपदेशक असेल, वर्गशिक्षिका असतील, ग्रंथपालही चालतील. शाळेला थेट विचारा, ‘तो गोंधळला तर नेमका कोणाकडे जाईल?’ उत्तर ‘अहो, कुणाकडेही येऊ शकतो’ असं आलं, तर समजा की अजून कुणीच ठरलेलं नाही. त्या व्यक्तीने आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी दहा मिनिटं त्याच्याशी बोलायचं. काही बिघडलेलं नसतानाही. बिघडल्यावरच बोलावलं तर त्या खोलीत जाणं ही शिक्षा होऊन बसते.

बाकी तयारी सोपी आहे. शाळा रिकामी असताना एकदा इमारत फिरवून आणा, वेळापत्रक हातात घेऊन तासांच्या क्रमाने चालायला लावा, स्वच्छतागृह दाखवा. विषयागणिक वहीला एक रंग. कुलपाचं कपाट असेल तर ते उघडायचा सराव घरी.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करते. पहिले चार-पाच आठवडे बहुधा छान जातात. सगळं नवीन असतं, शिक्षकही नरम असतात, आणि पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. घसरण होते ती पहिल्या चाचण्या आणि प्रकल्प एकदम आले की. म्हणून सातव्या-आठव्या आठवड्यातल्या भेटीची तारीख शाळा सुरू होण्याआधीच मागून घ्या. तोपर्यंत हजेरीवर डोळा ठेवा. शिक्षण-संशोधक रॉबर्ट बाल्फान्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातल्या सहावीच्या मुलांचा पुढे अनेक वर्षं माग काढला. पुढे शाळा सोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या खुणा सहावीतच दिसत होत्या: हजेरी ८० टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली घसरणं, गणितात किंवा भाषेत नापास होणं, वर्तनाबद्दल वाईट शेरा. तुमच्या घरी हे आकड्यांत दिसणार नाही. सोमवारी सकाळी पोट दुखेल, नाहीतर चाचणीच्या दिवशी डोकं. असं दोनदा झालं की वेळापत्रक काढून त्या दिवशी कोणता तास असतो ते बघा.

आता वेगळ्या खोलीचं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं २४वं कलम शिक्षणाबद्दल आहे. त्याचा अर्थ उलगडताना संबंधित समितीने २०१६ मध्ये एक फरक नेमका केला: मुलाला आहे तशा वर्गात नुसतं आणून बसवणं वेगळं, आणि वर्गाची शिकवण्याची पद्धत, साहित्य, परीक्षा त्याच्यासाठी बदलणं वेगळं. समावेशन म्हणायचं ते दुसऱ्याला. मागच्या बाकावर बसून काहीच न समजता फळ्याकडे बघणारं मूलही एकटंच असतं. त्यामुळे वेगळी खोली म्हणजे वाईट आणि वर्ग म्हणजे चांगला, इतकं ते सरळ नाही.

मी पालकांना चार गोष्टी विचारायला सांगते: तिथे नक्की काय शिकवणार, किती आठवडे, जमलं हे कशावरून ठरवणार, आणि कोणत्या तासाला नेणार. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण सोयीचं म्हणून मुलांना चित्रकलेच्या किंवा खेळाच्या तासाला उचलून नेण्याची पद्धत सर्रास आहे. ज्या तासासाठी तो शाळेत येतो तोच काढून घेतलात, तर वाचनाचा राग दुप्पट होईल. ठराविक मुदतीचा, ठराविक कौशल्यासाठीचा वाचनवर्ग असेल तर जरूर घ्या. ‘सगळ्या भाषा तिकडेच’ असं असेल तर नको.

वर्गात सतत शेजारी बसणारा मदतनीस देऊ केला, तरी जरा थांबा. विशेष शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक मायकेल जियानग्रेको यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं, की मोठं माणूस सतत चिकटून राहिलं की वर्गमित्र लांब राहतात आणि शिक्षकही त्या मुलाची जबाबदारी आपली मानत नाहीत. काही मुलांना तशी मदत लागतेच. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलाला लागेलसं वाटत नाही. त्याच्यासाठी मागायच्या गोष्टी साध्या आहेत: प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, जादा वेळ, आणि भाषेखेरीज इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण न कापणं. माझ्या एका विद्यार्थ्याने विज्ञानाच्या पेपरात ज्वालामुखीच्या प्रश्नाखाली दीड ओळ लिहिली होती, तीही वाचता येईना. तोच प्रश्न तोंडी विचारला तर लाव्हा आणि मॅग्मा यांत फरक काय इथपासून त्याने सुरुवात केली, आणि घंटा झाली तरी त्याचं संपेना.

तासांची काळजी सगळेच करतात. मला जास्त धास्ती असते मधल्या सुट्टीची. तिथे ना बसायची जागा ठरलेली, ना काम, ना शिक्षक. एक मुलगी मला आठवते, रोज सगळी सुट्टी सूचनाफलक वाचत उभी असायची. तीच तीच पत्रकं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी महत्त्वाचं शोधते आहे. ‘मैत्रिणी कर’ असं तिला सांगून काय होणार होतं? ग्रंथपालांनी तिला आणि दुसऱ्या एका मुलीला परत आलेली पुस्तकं लावायचं काम दिलं. हात गुंतले की बोलणं आपोआप सुरू होतं. तुमच्या मुलाला यंत्रं आवडतात, तर तसला क्लब किंवा कार्यशाळा आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

एक स्वस्तातला उपायही आहे. शिक्षण-संशोधक जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ११ शाळांतल्या सहावीच्या १,३०४ मुलांवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: ‘सुरुवातीला मलाही इथे परकं वाटायचं, मग जमलं.’ त्यावर मुलांनी स्वतःबद्दल थोडं लिहायचं, इतकंच. या मुलांची गैरहजेरी १२ टक्क्यांनी, नापास होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी आणि शिस्तीच्या तक्रारी ३४ टक्क्यांनी कमी भरल्या. एवढ्याने डिस्लेक्सिया हलणार नाही, हे उघड आहे. पण त्या शाळेतला सातवी-आठवीतला एखादा मुलगा शोधून त्याच्याशी तासभर गाठ घालून द्यायला काय हरकत आहे? आईबापांनी शंभरदा सांगितलेलं त्याने एकदा सांगितलं की पटतं.

वर्गाला सांगायचं का, हे त्याने ठरवावं. शिक्षकांनी वर्गात जाहीर करायचं नाही, हे मात्र त्यांना स्पष्ट बजावा. चांगल्या हेतूनेसुद्धा नाही. पण जादा वेळ मिळाला की शेजारचा ‘तुलाच का?’ विचारणारच, तेव्हा त्याच्याकडे तयार उत्तर हवं. ‘मला वाचायला वेळ लागतो, म्हणून वेळ जास्त मिळतो. गणितात तुझ्याआधी संपवतो.’ असलं काहीतरी, त्याच्या भाषेत. घरी चार-पाच वेळा म्हणवून घ्या, तोंडात बसलं पाहिजे. कुणी चिडवलं तर काय बोलायचं याचाही सराव होतो, पण सतत चिडवाचिडवी होत असेल तर ती शाळेने थांबवायची, त्याच्या हजरजबाबीपणावर सोडायची नाही.

आणि त्या पानासाठी लागणारी माहिती आताच्या बाईंकडून याच महिन्यात लिहून घ्या. वर्ष संपलं की त्यांच्यापुढे नवा वर्ग येतो, मग बारीकसारीक गोष्टी त्यांनाही आठवत नाहीत.