आधी जावोर्स्की समजून घे

फिलिपिन्सचं बास्केटबॉल बघायला लागलायस ना, मग आकडेवारीत शिरू नकोस. आधी रॉबर्ट जावोर्स्की समजून घे. टोयोटा संघाचा हा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत चाल रचणारा खेळाडू, १९७८ साली तिथल्या पीबीए लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण लोकांना खरं वेड लावलं ते जिनेब्रा संघात. तिथे तो खेळाडूही आणि प्रशिक्षकही. १९८५ मध्ये कोपर लागून ओठ फाटला, तर गडी टाके घालून त्याच सामन्यात परतला आणि मागे पडलेला संघ जिंकला! १९९१ ची अंतिम मालिका मात्र सवडीनं वाच: जिनेब्रा १-३ असा मागे होता, तिथून थेट ४-३ नं जिंकला. डावपेचांपेक्षा पोरं त्याच्यासाठी जीव टाकायची, असं माझं मत. पन्नाशीपर्यंत खेळला, १९९८ मध्ये सिनेटर झाला. ते राजकारण सोडलंस तरी चालेल.