बाळ कुठे आहे, ते आबांना विचार

पत्र

आदरणीय ताई,

मी ३४ वर्षांची आहे. लोणंदजवळच्या एका गावात सासरी राहते, पतसंस्थेत क्लार्क आहे. नवरा शिरवळला कंपनीत, शिफ्टची नोकरी. मुलगी पहिलीत. घरात सासू-सासरे आणि दोन म्हशी. पहाटे पाचला उठते ती रात्री साडेदहाला अंग टाकते, मधे बूड टेकायला मिळत नाही.

फाल्गुनात माझं बाळ गेलं. आठवा महिना संपत आला होता. हालचाल लागेना म्हणून दवाखान्यात गेलो तर ठोके नव्हते. कळा आणून बाळंतपण केलं. मुलगा होता, असं नंतर कळलं. सिस्टर म्हणाल्या, बघू नका, जन्मभर डोळ्यांपुढे राहील. आबा, म्हणजे माझे सासरे, आणि धाकटे भावजी त्याला घेऊन गेले, कुठे ते मी विचारलं नाही. पंधरवड्यानं कामावर गेले, कारण साहेब म्हणाले, बाळ नाही तर रजा कसली दाखवू.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमचं घर माळकरी. माउलींची पालखी लोणंदला असते तेव्हा आमच्याकडे एका दिंडीचं जेवण असतं. यंदाही मी भाकऱ्या थापल्या, पण आत काही हललं नाही. विठ्ठलाच्या फोटोपुढे उभी राहिले की तोंडात शिव्या येतात. सासूबाईंचे भाऊ कीर्तन करतात. ते म्हणाले, तुकोबांनीसुद्धा पोर गेल्यावर बरं झालं म्हटलं, तू किती दिवस धरून बसणार? सासूबाईंनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीची दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. आमचे हे फार समजूतदार आहेत, मला त्रास नको म्हणून विषयसुद्धा काढत नाहीत. मुलीला आम्ही सांगितलंय की बाळ देवबाप्पाकडे गेलं. गणपतीत ती आरतीला माझ्यामागे लपून राहिली, प्रसादही घेईना. आबा गुडघ्यांमुळे यंदा वारीला गेले नाहीत, पादुकांच्या दर्शनालाही नाही, त्यामुळे घरात सगळंच उदास.

माझी श्रद्धा उडाली का? नागबळीला जाऊ की नको? आणि मुलीचं मन देवावरून उडू नये म्हणून काय करू?

एक आई, सातारा जिल्हा

उत्तर

तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस.

तुझे तिन्ही प्रश्न वाचले. त्यांची उत्तरं देईन, पण मागाहून आणि थोडक्यात. तू जे विचारलंच नाहीस ते आधी. 'कुठे ते मी विचारलं नाही,' असं तू लिहिलंस आणि पुढच्याच वाक्यात साहेबांच्या रजेवर जाऊन पोचलीस. मी तिथेच थांबले. पुढचं पत्र मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं.

म्हणजे पोटचं पोर गावाच्या कुठल्या अंगाला आहे, हे तुला माहीत नाही. नवऱ्याला माहीत असणार, दिराला माहीत आहे, सासऱ्यांना माहीत आहे. भावकीतल्या ज्या कुणी कुदळ दिली असेल त्यालाही माहीत आहे. एवढ्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट फक्त आईला ठाऊक नाही, आणि घरात सगळे म्हणतात की हिला त्रास नको.

आपल्याकडे एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. खड्डा घेतात, मीठ घालतात, माती लोटतात, वर दगड ठेवतात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या टाकतात. दहावं नाही, तेरावं नाही, अस्थी नाहीत, वर्षश्राद्ध नाही. मोठं माणूस गेलं की घरातल्या बाईला निदान तेरा दिवस पाहुण्यांचा स्वयंपाक तरी असतो, रडायला येणाऱ्या बायका असतात. तुला यातलं काहीच मिळालं नाही. बाळाची म्हणून उरली ती एक जागा, आणि तीही पुरुषांकडे राहिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुला पान्हा आला असेल. बाळ असो नसो, तो येतोच. कुणी घट्ट बांधून घ्यायला सांगितलं असेल, कुणी गोळ्या दिल्या असतील, ब्लाऊज बदलत तू खाटेवर बसली असशील. ते दूध ज्याचं होतं तो तेव्हा कुठे होता, हे विचारायचा पहिला हक्क तुझा होता. तू विचारलं नाहीस यात मला तुझा दोष दिसत नाही. बाळंतीण होतीस, गलितगात्र होतीस. पण आता त्याला सहा-सात महिने झाले. आता विचार.

सिस्टरवर मी चिडणार नाही. तिनं जे ऐकलं तेच सांगितलं, हेतू वाईट नव्हता. पण ते चुकलंच. हल्ली बऱ्याच ठिकाणी आईला विचारतात, बघायचंय का, घ्यायचंय का थोडा वेळ. बघितलेला चेहरा डोळ्यांपुढे राहतो हे खरं. न बघितलेलाही राहतोच, आणि मन तो हजार तऱ्हांनी रंगवत बसतं.

आता तुझ्या समजूतदार नवऱ्याबद्दल. मला त्याचा राग आलाय आणि मी तो लपवणार नाही. विषय न काढणारा नवरा हा सगळ्यांना फार चांगला वाटतो, कारण त्याचा कुणाला उपद्रव नसतो. पण नुसतं गप्प राहायला काय लागतं? शिफ्टवरून येऊन जेवून झोपायचं, आणि बायको रोज रात्री साडेदहाला भिंतीकडे तोंड करून का निजते हे विचारायचं नाही, याला मी समजूतदारपणा म्हणणार नाही. त्यालाही दुःख असेल. असणारच. पण त्याच्यासाठी मी आज ओळी खर्च करणार नाही, आणि तूही त्याच्या तोंडाकडे बघत बसू नकोस.

तू आबांकडे जा.

तुझ्या पत्रात ते दोनदाच येतात. एकदा बाळाला नेताना आणि एकदा गुडघ्यांपायी घरी बसताना. या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्यास. गुडघे मागच्या वर्षीही दुखतच असतील गं. वारकऱ्याचे गुडघे वारीच्या आड आलेले मी फारसे ऐकले नाहीत. बरं, चालवत नाही हे मान्य. पण पालखी लोणंदला मुक्कामी असताना गळ्यात माळ असलेला माणूस पादुकांच्या दर्शनालाही जात नाही, त्याला गुडघे कारण नसतात. ज्यांनी नातवाला टॉवेलमध्ये गुंडाळून दवाखान्यातून नेलं, स्वतःच्या हातानं खाली ठेवलं, वर माती लोटली, त्यांना घरी आल्यावर कुणी काय विचारलं? मला वाटतं, काही नाही. अंघोळीचं पाणी काढून दिलं असेल.

माझा तर्क चुकीचाही असेल. तरीही जा त्यांच्याकडेच.

रविवार नको, रविवारी घर भरलेलं असतं. साध्या दिवशी, सकाळी, ते गोठ्यात धार काढत असतील किंवा वैरण टाकत असतील तेव्हा. शेजारी उभी राहा आणि म्हण, 'आबा, आपल्या बाळाला कुठं ठेवलंत? मला तिथं घेऊन चला.' एवढंच. प्रस्तावना करू नकोस, रडू आलं तर येऊ दे, त्यांना आलं तर तेही येऊ दे. ते 'कशाला आता' म्हणतील. पहिल्यांदा म्हणतीलच. तू जागची हलू नकोस.

सासूबाईंना आधी विचारायला जाऊ नकोस. बायका तिकडे जात नाहीत, हे त्या सांगतील, आणि तू गप्प बसशील. हे गप्प बसणं मला आता नको आहे. नंतर कळलं तर कळलं. पतसंस्थेत अर्धा दिवस मागून घे, डबा एक दिवस सासूबाई करतील, म्हशी काही उपाशी मरत नाहीत. कदाचित तिथे आता काही ओळखू येणार नाही. पावसाळा झाला, गवत वाढलं असेल, कुणी बांध घातला असेल. आबा हातानं दाखवतील, ह्या अंगाला, त्या लिंबाच्या खाली. तेवढंही पुष्कळ झालं. आणि तिथे उभी असताना त्यांना विचार, तो दिसायला कसा होता. जावळ होतं का. कुणावर गेला होता.

आपल्या जुन्या बायका हे बरोबर करत. माझ्या आईच्या वयाच्या बाईला किती मुलं म्हणून विचारलं की ती सांगे, 'सात झाली, चार जगली.' न जगलेली ती मोजणीतून वगळत नसे. हल्ली आपण शहाण्या झालो आणि फक्त जगलेली सांगतो. सरकारसुद्धा तुमच्यापेक्षा बरं म्हणायचं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद करावी लागते, म्हणजे कुठल्या तरी रजिस्टरात तुझ्या मुलाची एक ओळ असायला हवी. घरात मात्र त्याच्याबद्दल एक वाक्य नाही.

आता तुझे प्रश्न.

श्रद्धा. जिच्या तोंडात विठ्ठलाला बघून शिव्या येतात तिची श्रद्धा उडाली असं मी म्हणणार नाही. जो नाहीच त्याला कोण शिव्या देतं? जनाबाईनं अंगणात उभं राहून त्याला काय काय म्हटलंय ते तुझ्या घरच्या गाथेत सापडेल. मला इथे छापता यायचं नाही. दे शिव्या, मोठ्यानं दे. त्याची त्याला सवय आहे.

आणि त्या कीर्तनकार मामांना माझा निरोप सांग. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, त्यांचा मुलगा गेला, दुकान बुडालं, गावात मान राहिला नाही. त्यानंतर त्यांनी 'बरं झालं' म्हटलं ते स्वतःच्या घरातल्या मरणांबद्दल. शेजारच्या बाईच्या दारात जाऊन म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच्या पोराबद्दल बरं झालं म्हणायचा अधिकार कुठल्याच अभंगानं कुणाला दिलेला नाही, मग त्यानं गळ्यात कितीही वीणा अडकवलेली असो.

नागबळी. तीन दिवसांचा विधी, जाण्या-येण्याचा खर्च, दक्षिणा, मुलीची शाळा बुडणार, तुझी रजा जाणार. तिथे कणकेचा नाग करून त्याचे संस्कार करायचे, आणि ज्याच्यापायी हे सगळं करायचं तो इथे कुठे आहे हे त्याच्या आईला ठाऊक नाही! मी विधींच्या विरुद्ध नाही. सासूबाईंनाही नातवासाठी काहीतरी करायचंय आणि त्यांना एवढंच सुचलंय, हे मला कळतं. पण तारीख पुढे ढकला. आधी गावातली जागा. ती बघून आल्यावरही जावंसं वाटलं तर खुशाल जा.

मुलगी. तुम्ही तिला सांगितलंत की बाळ देवबाप्पाकडे गेलं, आणि मग त्याच बाप्पाला घरी आणून मखरात बसवलंत. ती लपणार नाही तर काय करील? सहा वर्षांच्या पोरीला वाटलं, आता माझी पाळी. तिचं मन देवावरून उडालेलं नाही, तिला त्याची भीती बसली आहे, आणि ती तुम्ही घातली आहे. आज रात्री तिला जवळ घेऊन सरळ सांग: 'बाळ पोटातच मेलं. कुणी नेलं नाही. तू काही केलं नव्हतंस, मीही नाही.' मेलं हाच शब्द वापर. झोपलं म्हणू नकोस, नाहीतर ती झोपायला घाबरेल. ती एकदा ऐकून खेळायला जाईल आणि आठ दिवसांनी भांडी घासताना मागून येऊन पुन्हा तेच विचारील. पुन्हा तेच सांग. तू आबांबरोबर जाऊन आलीस की नंतर कधीतरी तिलाही तिथे ने.

जाता जाता, रजेचं. हे तुझ्यासाठी आता उपयोगाचं नाही, पण वाचणाऱ्या इतर जणींसाठी लिहिते. बाळंतपणाच्या रजेच्या १९६१ च्या कायद्यापासून 'मूल' या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही धरलेलं आहे. आठवा महिना संपत आलेलं बाळंतपण हे कायद्यानं बाळंतपणच आहे, आणि दोनपेक्षा कमी मुलं हयात असलेल्या बाईला २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी हा नियम लागू होतो. त्यामुळे तुझ्या साहेबांनी सांगितलं ते त्यांच्या मनानं सांगितलं. पुढच्या वेळी कुणी असं सांगितलं तर लेखी मागा.

आणि नवऱ्याला पहिल्या खेपेला बरोबर नेऊ नकोस. तू आणि आबा, दोघंच जा. परत आल्यावर तो विचारील, कुठे गेला होता. खरं काय ते सांग, आणि मलाही यायचंय असं तो आपणहून म्हणेपर्यंत त्याला बोलावू नकोस.