प्रॉक्टरला हिरो का म्हणायचं?

प्रश्न : ताई, आम्ही आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल', म्हणजे सेलममधल्या चेटकिणींच्या खटल्यांवरचं नाटक, बसवतोय आणि मी जॉन प्रॉक्टर करतोय. पण मला हा माणूसच पटत नाहीये. घरात कामाला असलेल्या ॲबिगेलशी लफडं, बायकोला फसवलं, शेवटी जीव वाचवायला चेटूक केल्याच्या खोट्या कबुलीवर सही करतो आणि लगेच तो कागद फाडतो. ह्याला ट्रॅजिक हिरो कसं म्हणायचं? शेवट उगाच चढवल्यासारखा वाटतो.

उत्तर : तुला तो पटत नाही ते ठीकच आहे रे, त्याला स्वतःलाच तो पटत नाही, आणि अख्खं नाटक त्या टोचणीवर चालतं. खरा प्रॉक्टर १६९२ मध्ये फासावर गेला तेव्हा साठीचा होता आणि खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची पोर. त्याला तरुण केलं, तिला मोठी केली आणि हे लफडं घातलं ते मिलरने, म्हणजे हा डाग त्याने मुद्दाम पाडलाय.

पण मला विचारशील तर त्याची मोठी चूक लफडं नाही, गप्प बसणं आहे. पहिल्याच अंकात ॲबिगेल त्याला एकट्याला सांगते की चेटूकबिटूक काही नाही. हे त्याने लगेच जाऊन सांगितलं असतं तर! पण ती तुझ्याशी एकटी कधी बोलली असं कुणी विचारलं तर काय, म्हणून तो आठवडाभर शेतात राबत बसतो, बायको जा म्हणून मागे लागते तरी टाळतो, आणि शेवटी तिच्याच नावाचं वॉरंट दारात येतं. ॲरिस्टॉटल ज्याला हॅमार्शिया म्हणतो, म्हणजे नायकाला बुडवणारी त्याची स्वतःची चूक, ती मला इथे दिसते.

आणि तू शेवटाकडे बघतोयस, पण तो बदलतो तिसऱ्या अंकात. पोरी खोटं बोलतायत अशी तक्रार घेऊन तो कोर्टात जातो, तेव्हा न्यायाधीश डॅनफर्थ सांगतो की त्याची बायको एलिझाबेथ गरोदर आहे, वर्षभर तरी तिला धोका नाही, मग तक्रार मागे घेतोस का? इथे त्याला सरळ घरी जाता आलं असतं. मित्रांच्या बायका तुरुंगात आहेत म्हणून तो हटत नाही, आणि थोड्या वेळाने जे नाव जपायला गप्प बसला होता तेच भर कोर्टात लफडं कबूल करून स्वतःच्या तोंडाने घालवतो. आणि कधी खोटं न बोलणारी एलिझाबेथ नेमकी तेव्हाच त्याची अब्रू झाकायला खोटं बोलते. मला तो सीन वाचताना दरवेळी गलबलतं.

सहीचं म्हणशील तर ती नुसती मरणाची भीती नाही. चेटूक कबूल केलं तर जीव वाचतो, नाकारलं तर फास, आणि त्याला वाटतं खोटी कबुली न देणाऱ्या सज्जन रेबेका नर्ससारखं ताठ मानेनं मरणं आपल्यासारख्या पाप्याला शोभणार नाही, ते ढोंग होईल. म्हणून सही. पण इतरांची नावं घे म्हणतात तेव्हा तो घेत नाही, आणि कागद चर्चच्या दारावर लागणार कळल्यावर मुलांना काय तोंड दाखवू, ह्यावर अडतो. फाडतो तेव्हा आपल्यातही थोडं चांगलं आहे हे त्याला पहिल्यांदा दिसतं, म्हणून तिथे आवाज चढवू नकोस, आश्चर्य वाटू दे. आणि उद्याच्या तालमीत डॅनफर्थचा तो प्रश्न आला की उत्तराची घाई करू नकोस, घरी जायचा मोह तुझ्या तोंडावर दिसायला हवा.