लिपी नव्हती, मग इंकांनी राज्य चालवलं कसं?

"लिहिता न येणाऱ्या लोकांनी एवढं साम्राज्य चालवलं हे पटत नाही," असं तुम्ही म्हणता. शंका रास्त आहे. इंका म्हणजे स्पॅनिश येण्याआधी दक्षिण अमेरिकेत राज्य करणारे लोक. आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून मध्य चिलीपर्यंत पसरलेला मुलूख, मध्ये अँडीज पर्वताचे कडे, आणि कर पैशांत नाही तर अंगमेहनतीत भरायचा. कोणत्या गावातून किती माणसं राबायला आली, कोठारात किती मका पडला, याची नोंद हवीच. ती त्यांनी दोऱ्यात ठेवली. तिला किपू म्हणतात. इंकांच्या केचुआ भाषेत या शब्दाचा अर्थच गाठ.

एका जाड दोरीला बहुधा सुताचे, कधी लोकरीचे दोरे लोंबत सोडलेले असतात. त्यावर २४३ हा आकडा असा: वर, मुख्य दोरीच्या बाजूला दोन साध्या गाठी, थोडं अंतर सोडून चार, आणि खाली तीन वेढे देऊन आवळलेली एकच लांबट गाठ. एककाची गाठ वेगळी, म्हणजे आकडा कुठे संपला ते कळतं. पण एकक १ असेल तर? एका वेढ्याची गाठ साध्या गाठीसारखीच दिसणार, म्हणून तिथे इंग्रजी आठच्या आकाराची गाठ. शून्याची जागा मोकळी. सुतळी घेऊन करून बघा, किती विचारपूर्वक बसवलंय ते बोटांना कळेल. ही दशमान रचना अमेरिकन अभ्यासक लेलंड लॉक यांनी १९१२ साली उलगडून दाखवली.

मला सगळ्यात भिडलेला प्रसंग इंकांचं राज्य जिंकायला आलेल्या स्पॅनिश हेर्नान्दो पिझारोच्या १५३३ च्या पत्रात आहे. त्याच्या माणसांनी सरकारी कोठारांतून माल उचलला, तेव्हा तिथल्या हिशेबनिसांनी किपूच्या एका भागातल्या गाठी सोडल्या आणि दुसऱ्या भागात मारल्या. इंका राजा आताहुआल्पा स्पॅनिशांच्या कैदेत, परके दारात, आणि हे लोक जमाखर्च जुळवतायत!

ते वाया गेलं नाही. १५६१ साली पेरूतल्या हाउहा खोऱ्यातल्या सरदारांनी लिमाच्या न्यायालयात किपू वाचून दाखवत स्पॅनिशांना १५३३ पासून काय काय दिलं ते सांगितलं. लुटून नेलेला मालसुद्धा त्यात होता. स्पॅनिश कारकुनांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. अशा लोकांना निरक्षर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे १५८३ मध्ये लिमाच्या कॅथलिक धर्मसभेने जुन्या श्रद्धा आणि विधी जपणारे किपू लोकांकडून काढून घ्यायला सांगितलं. उरलेले आज संग्रहालयांत आहेत. त्यांतले आकडे बहुतेक वाचता येतात, पण ते लामा नावाच्या जनावरांचे, मक्याचे की माणसांचे, हे क्वचितच कळतं. आणि ज्यांच्या गाठी दशमान रचनेत बसत नाहीत, त्या किपूंमध्ये वंशावळी, गाणी, कथा असतील असं काही अभ्यासकांना वाटतं. ते अजून कुणालाच वाचता आलेले नाहीत.