वडिलांच्या हृदयावर दुरून लक्ष ठेवायला कोणतं अ‍ॅप किंवा घड्याळ घ्यावं?

वडील ६३ वर्षांचे, बीपी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेलं, सख्ख्या काकांना हार्ट अटॅक येऊन गेलेला, आणि तुम्ही दुसऱ्या गावी. त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून अ‍ॅप घेऊ की घड्याळ, आणि कुठलं, असं विचारलंय. मॉडेलांची नावं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ती 'लक्ष राहावं' हे दोन शब्द वाचून.

आमच्याकडे हे सगळं होतं. ब्लूटूथवालं बीपी मशीन, त्याला जोडलेलं अ‍ॅप, त्यात रंगीत आलेख, गोळीची आठवण करून देणारी घंटी. तरी आईची अँजिओप्लास्टी झाली. त्या रात्री दादा फोनवर मला म्हणाला, "चार महिन्यांचा डेटा समोर होता, तुम्ही बघत काय होतात?" त्याला आता दोन वर्षं होतील. मी तेव्हा काही बोलले नाही. उत्तर साचून राहिलंय, ते तुमच्या निमित्ताने देते.

दादा परदेशात असतो. सॉफ्टवेअरवाला. आईचं बीपी वाढायला लागलं तसं त्याने मशीन पाठवलं आणि व्हिडिओ कॉलवर तासभर बसून सगळं जोडून दिलं. आई निवृत्त शिक्षिका, सांगितलेलं काम चोख करणारी. रोज सकाळी मोजायची, स्क्रीनशॉट काढायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची. १५४/९२. १५८/९४. १४९/९०. १६१/९६. खाली अंगठे. दादाचा, वहिनीचा, मावशीचा.

पहिल्या आठवड्यात दादाने फोन करून विचारलं होतं, एवढं कसं? आई म्हणाली, "मशीनच जरा जास्त दाखवतं." विषय मिटला. महिन्याभरात १५०च्या पुढचा आकडा 'आईचं नॉर्मल' होऊन बसला. आणि अ‍ॅप काय करत होतं? शाबासकी देत होतं. 'सलग ३० दिवस! अभिनंदन!' म्हणून पडद्यावर सोनेरी चांदणी. जन्मभर मुलांच्या वहीत चांदण्या काढलेल्या बाईला साठीनंतर कुणीतरी चांदणी दिली, ती खूश. चांदणी मोजल्याबद्दल होती, आकड्याबद्दल नव्हती. हा फरक आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नाही.

आता गोळीची गंमत ऐका. बीपीच्या दोन गोळ्या होत्या. त्यातली एक सुरू झाल्यापासून तिच्या पायांवर सूज यायला लागली, चपलेचा पट्टा रुतायला लागला. त्या जातीच्या गोळीने असं होतं, हे डॉक्टरांना पाठ असतं. डोस कमी करतात नाहीतर गोळी बदलतात, दोन मिनिटांचं काम. आईने डॉक्टरांना सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं नाही, गोळी बंद केली. घंटी मात्र रात्री ठीक आठला वाजायची. पडद्यावर दोन बटणं: 'घेतली' आणि 'नंतर आठवण करा'. 'नंतर' दाबलं की दहा मिनिटांनी पुन्हा तीच टणटण. मग ती काय दाबणार? अ‍ॅपच्या हिशेबाने तिने ९७ टक्के गोळ्या घेतल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी चालू औषधं मागितली म्हणून मी घरी येऊन ड्रॉवर उघडला, तर त्या गोळीच्या अकरा स्ट्रिपा, एकही न फोडलेली, रबर बँड लावून नीट रचून ठेवलेल्या. रबर बँड बघून मला रडू आलं. फेकून द्यायला तिचा हात झाला नव्हता.

फॉलो-अपलाही ती गेली नव्हती. का, तर "रोज मोजतोय की." मोजणं हेच औषध झालं होतं. एका दुपारी जिना चढताना छाती आवळल्यासारखी झाली, घाम फुटला, जबडा दुखायला लागला. तिने पित्त ठरवलं आणि पडून राहिली. शेजारच्या काकूंनी चेहरा बघितला आणि गाडी काढली. एका रक्तवाहिनीत ९० टक्के अडथळा, ती उघडी ठेवायला एक स्टेंट, म्हणजे बारीक जाळी. आज आई ठणठणीत आहे. त्या सकाळचा आकडा १६८/९८ होता आणि त्यालाही अंगठे होते. त्यातला एक माझा.

तर दादा, आम्ही बघत काय होतो? तू बघत होतास तेच. तू समजत होतास मी जवळ आहे, मी समजत होते सिस्टिम तुझी आहे. आकडा सगळ्यांपर्यंत पोचत होता, म्हणजे कुणापर्यंतच पोचत नव्हता. ज्याच्या हातात गोळी बदलायचा अधिकार होता तो माणूस ग्रुपवर नव्हताच.

हे माझं रडगाणं आहे असं वाटेल, म्हणून एक अभ्यास सांगते. ब्रिटनमध्ये हजारावर बीपीच्या रुग्णांवर झालेला, २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. काहींनी घरी मोजून कागदावर लिहून डॉक्टरांकडे पाठवलं, काहींनी मोबाइलवरून मेसेजने पाठवलं, आणि काहींचं नेहमीसारखं दवाखान्यात गेल्यावर मोजायचं ते चालू राहिलं. दोन्ही घरी मोजणाऱ्या गटांत डॉक्टर त्या आकड्यांवरून औषध कमीजास्त करत होते. वर्षअखेर या दोन्ही गटांचं बीपी नेहमीच्या गटापेक्षा सरासरी साडेतीन ते पावणेपाच अंकांनी खाली होतं. आणि कागद विरुद्ध मोबाइल? वर्षअखेर म्हणण्यासारखा फरक नाही. मोबाइलवाले तिथे थोडे लवकर पोचले, एवढंच. कागदाच्या वहीला दादा 'मागासलेपणा' म्हणतो, त्याच्यासाठी हे मुद्दाम लिहिलंय.

तेव्हा खर्च करायचाच तर आधी दंडाला पट्टा बांधायचं, तपासून प्रमाणित झालेलं बीपी मशीन घ्या. पट्टा दंडाच्या मापाचा हवा; लहान पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो. मोजायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच: लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, गप्पा बंद, आधीचा अर्धा तास चहा-कॉफी-सिगरेट नाही. घरच्या मोजणीला बीपी वाढलेलं म्हणायची सरासरी १३५/८५ ही रेघ धरतात, दवाखान्यातली १४०/९० नव्हे. नुसतं बोट कॅमेऱ्यावर ठेवून बीपी सांगणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका. फोन छातीला लावून बीपी सांगणारं असंच एक लोकप्रिय अ‍ॅप होतं. २०१६ साली संशोधकांनी ते तपासलं, तर खरोखर बीपी वाढलेल्या दहातल्या जवळजवळ आठ जणांना ते 'ठीक आहे' म्हणत होतं. असल्या अ‍ॅपपेक्षा काहीच नसलेलं बरं.

घड्याळाचं म्हणाल तर ते दादाने स्टेंटनंतर पाठवलं. मनगटावरचा ईसीजी एकाच कोनातून बघतो, दवाखान्यातला बारा कोनांतून. घड्याळाला कळतं ते ठोक्यांची लय बिघडल्याचं, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन, ज्याने स्ट्रोकचा धोका पाचपट होतो. ते कळणं मोठी गोष्ट आहे, नाकारत नाही. पण चार लाखांवर लोकांवर झालेल्या अ‍ॅपलच्या अभ्यासात अशी सूचना आली ती हजारात पाच जणांना. आणि तुम्हाला भीती आहे हार्ट अटॅकची. तो हे घड्याळ ओळखत नाही, अ‍ॅपल स्वतःच तसं लिहून देते. आमच्या आईला मात्र छातीत जरा दाटलं की मनगटाकडे बघायची सवय लागली. हिरवं दिसलं की गप्प. घड्याळ दिलंत तर हे एक वाक्य वडिलांकडून पाठ करून घ्या: छाती आवळली, घाम आला, दम लागला, तर घड्याळ बघायचं नाही, थेट रुग्णवाहिका बोलवायची.

आता थोडं सावरून घेते, कारण वरचं जरा रागात लिहिलंय. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी आम्हाला हेही स्पष्ट सांगितलं की अडथळा चार महिन्यांत होत नाही, तो वर्षानुवर्षं साचत आलेला असतो. म्हणजे सगळं खापर अंगठ्यांवर फोडता येणार नाही. मोबाइलशी माझं वैर आहे असंही नाही. सिडनीत हृदयरोगाच्या ७१० रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना सहा महिने आठवड्याला चार साधे एसएमएस गेले: चाला, धूम्रपान सोडा, खाण्यापिण्याचं बघा. सहा महिन्यांनी मेसेजवाल्यांत सिगरेट ओढणारे २६ टक्के होते, बाकीच्यांत ४३. कोलेस्टेरॉल आणि बीपीही कमी. ना आलेख, ना चांदण्या.

सध्या आमच्याकडे असं चालतं. आई रोज मोजत नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधी सात दिवस, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्याची सरासरी. ती मी छापून घेऊन जाते. मधल्या काळात किती आकडा आला, किती दिवस राहिला की फोन करायचा, हे डॉक्टरांनीच कागदावर लिहून दिलंय, आणि फोन मी करायचा असं नाव घालून ठरलंय. दादाला कामाशिवाय करमेना, म्हणून त्याला स्ट्रिपा दिल्या. महिन्यातून एकदा आई कॅमेऱ्यासमोर ड्रॉवर ओतते आणि तो उरलेल्या गोळ्या मोजतो. पहिल्यांदा चिडली होती, "मी काय चोर आहे?" आता तीच आठवण करते. ग्रुपवर अंगठे बंद आहेत.

मॉडेलचं राहिलंच. वडिलांच्या फोनशी जुळणारं आणि चार्जिंग जास्त दिवस टिकणारं कुठलंही घ्या. पण त्याआधी या सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांच्या गोळ्यांचा ड्रॉवर उघडून बघा, आणि कुठली गोळी सोसत नाही ते न रागावता विचारा.