अंडाशयाची गाठ हाताला लागते, नाव काचेवर ठरतं

जर्सी गाय सारखी माजावर येते, भरवली तरी उलटते, गाभण राहत नाही. डॉक्टरांनी हात घालून उजव्या अंडाशयाला गाठ सांगितली. कॅन्सर असेल का? (निपाणी)

आधी सिस्टचा विचार करा. अडीच सेंटिमीटरच्या वरचा, पाण्यानं भरलेला फुगा बहुतेक वेळा सिस्टच निघतो आणि हार्मोनच्या इंजेक्शनांना दाद देतो. घट्ट लागणारी, दर तपासणीला वाढलेली गाठ मात्र वेगळी. गाईत जास्त करून सापडतो तो ग्रॅन्युलोसा सेल ट्युमर, म्हणजे अंडाशयातल्या हार्मोन करणाऱ्या पेशींची गाठ. तो स्वतःच हार्मोन सोडतो. म्हणून एखादी गाय सतत माजते, एखादी माजतच नाही, तर एखादी बैलासारखी डुरकते. बहुधा एकाच बाजूला असतो, पसरतो क्वचित. दुसरं अंडाशय ठीक असेल तर गाठ काढल्यावर गाय गाभण राहू शकते.

काढलेली गाठ फ्रीजरमध्ये ठेवलीय. तशीच तपासणीला पाठवू? (खानापूर)

नको! बर्फाचे कण पेशी फोडतात, मग सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर नुसता चिखल दिसतो. एकदा माझ्याकडे अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली अख्खी गाठ आली. फॉर्मॅलिननं (ऊती कुजू न देणाऱ्या द्रावणानं) ती टणक झालेली, बाटली फोडूनच काढली. आणि गाभा तोवर कुजलेला. लोणच्याची रुंद बरणी घ्या. सेंटिमीटरभर जाडीचे काप, गाठीच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिन. कडेचा चांगला भागही हवा. हातमोजे घाला. सोबतची चिठ्ठी कन्नडात असो की मराठीत, वय, वेत आणि माजाची तक्रार तीत लिहाच.

म्हशीच्या गाठीत केस निघाले. घरचे करणी म्हणतात. रिपोर्टमध्ये 'टेराटोमा' आहे. (चिकोडी)

करणी नव्हे, बीजपेशीची करामत. जिच्यापासून अख्खं वासरू घडू शकतं, तीच पेशी भरकटली की केस, कातडी, कूर्चा, कधी दातसुद्धा बनवते. आम्ही गाठीचं कूळ शोधतो: बीजपेशींची, हार्मोन करणाऱ्या पेशींची की वरच्या अस्तराची? चार-पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप रंगवला की केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी दिसतं. गुलाबी थेंबाभोवती पेशींनी फेर धरला असेल तर ग्रॅन्युलोसा. मोठ्या गोल पेशींचे थवे, मधूनमधून लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) असतील तर डिसजर्मिनोमा. तोही बीजपेशींचाच, पण पसरू शकतो. तुमच्यासारख्या टेराटोमात सगळ्या ऊती पक्क्या झालेल्या असतील तर तो सहसा निरुपद्रवी. रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय का, तेवढं डॉक्टरांना विचारा. आणि उरलेली गाठ घरच्यांनी उताऱ्याला नेण्याआधी बरणीत घाला, केसांसकट.