चालू व्हीएममधून डिस्क काढायची तर सुरुवात आतून करा

भाऊ, तुमची अडचण अशी समजली: इतवारीतल्या व्यापाऱ्याकडे प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली), त्यावर उबुंटू लिनक्सचं व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. त्यातली बॅकअपची दुसरी डिस्क तुम्ही चालू मशीनमधून डिटॅच केली, म्हणजे वेगळी केली. लगेच काही बिघडलं नाही, पण त्या फोल्डरमध्ये इनपुट-आउटपुट एरर यायला लागली आणि रीस्टार्टनंतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकून राहिलं.

डिटॅच दाबलं की क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) गेस्टला, म्हणजे व्हीएममधल्या लिनक्सला, उपकरण सोडायला सांगतो. त्यावर फाइलसिस्टम माउंट आहे, म्हणजे फोल्डरला जोडून वापरात आहे, म्हणून लिनक्स अडून बसत नाही, डिस्क सोडून देतो. मग मेमरीत साठलेलं, अजून डिस्कवर न उतरलेलं लिखाण गेलंच समजा. म्हणून डिटॅच केलं त्या रात्रीची बॅकअप फाइल जरूर तपासा.

आधी मशीन उठवू. कन्सोलवर इमर्जन्सी शेल मिळेल. एफएसटॅब (/etc/fstab, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) उघडा, त्या डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, रीबूट करा. सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) न सापडणाऱ्या डिस्कची साधारण 90 सेकंद वाट पाहतो आणि मग थांबतो, एवढंच झालंय. डेटाच्या डिस्कला एफएसटॅबमध्ये 'नोफेल' (nofail, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन सुरू होऊ दे) लावायची सवय ठेवाच. नागपूरच्या मे महिन्यात लाईट गेली, यूपीएस दमला आणि सर्व्हर रात्री आपोआप सुरू झाला, तर व्यापाऱ्याचं बिलिंग एका बॅकअप डिस्कपायी बंद राहू नये.

पुढच्या वेळी आधी बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) थांबवा. मग 'फ्यूजर -व्हीएम' (fuser -vm, फोल्डर कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) माउंट पॉइंटवर, म्हणजे डिस्क जोडलेल्या फोल्डरवर, चालवा. पुष्कळदा तिथे कुणाच्या तरी उघड्या टर्मिनलमधला बॅश (कमांड घेणारा शेल) दिसतो, कारण तो माणूस त्याच फोल्डरमध्ये बसलेला असतो. त्याला बाहेर काढा आणि साधा यूमाउंट (umount, डिस्क फोल्डरपासून सोडवणं) करा. 'बिझी' म्हणतो म्हणून यूमाउंटला '-एल' लावू नका. माउंट नुसता नजरेआड होतो, फाइल उघडून बसलेली प्रोसेस लिहीतच राहते. एलव्हीएम (लिनक्समधली डिस्क गटात वाटून वापरायची सोय) असेल तर व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे तो गटही, निष्क्रिय करा. एफएसटॅबची ओळ याच वेळी काढा, नंतर कुणाला आठवत नाही.

कोणती डिस्क काढताय हे एसडीबी, एसडीसी या नावांवरून ठरवू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. 'बाय-आयडी' फोल्डर (/dev/disk/by-id) बघा, तिथे डिस्कची न बदलणारी नावं असतात. डिस्क व्हर्टआयओ स्कझी (VirtIO SCSI, व्हीएमला डिस्क जोडायचा एक प्रकार) असेल तर तिथल्या नावाच्या शेवटी 'ड्राइव्ह-स्कझी1' (drive-scsi1) असं दिसतं, आणि प्रॉक्समॉक्सच्या हार्डवेअर यादीत तीच स्कझी1 असते. ही जोडी जुळली की मगच डिटॅच.

डिटॅचनंतर डिस्क यादीत 'अनयूज्ड' (Unused, न वापरलेली) म्हणून राहते, डेटा शाबूत असतो. त्याच ओळीवर रिमूव्ह दाबलं की मात्र तो कायमचा जातो. मशीन एकदा रीस्टार्ट होऊन नीट उठेपर्यंत आणि व्यापाऱ्यानं स्वतः जुन्या फाइली पाहून हो म्हणेपर्यंत त्या बटणाला हात लावू नका.